न फिरणारे पंखे

त्या मंगळवारी बाबांचा डायलिसिसचा नंबर सकाळी अकराचा होता आणि पावणेदहाला आमची गाडी रेल्वेच्या फाटकावर उभी होती. एक मालगाडी निघून गेली तरी फाटक वर गेलं नाही, म्हणजे दुसरी यायची होती. मागच्या सीटवर बाबा उशीला टेकून बसले होते, शेजारी आई. मी इंजिन चालूच ठेवलं होतं, कारण भाद्रपदातल्या उकाड्यात बाबांना एसीशिवाय श्वास जड जायचा.

आधी एसीची हवा कोमट झाली. मग समोरचा तापमानाचा काटा वर सरकायला लागला. तो काटा मी चालवायला लागल्यापासून मधोमधच असायचा, त्यामुळे त्याच्याकडे मी कधी बघितलंच नव्हतं.

"बाबा, काटा वर जातोय."

"एसी बंद कर. इंजिन बंद कर. अन् पान्याच्या टाकीचं झाकन उघडू नको, तोंड भाजन."

बोनेट उघडलं तेव्हा आतून गरम धातूचा वास आला आणि कडेच्या टाकीतून वाफ निघत होती. फाटकावर थांबलेले मोटरसायकलवाले लगेच जवळ आले. आमच्याकडे बिघडलेली गाडी ही सगळ्या गावाची असते.

"पानी टाका ना मॅडम."

"अबे पानी काय टाकतं? पंखे पाह्य, फिरलेच नसन."

"लेडीजच्या हातची गाडी हाय, होतेच असं."

मागच्या काचेतून बाबांचा आवाज आला. "तू चालवून दाखव बे बिना पंख्याची."

लोक हसले. मी हसले नाही. मला अशा वेळी चेहऱ्याचं काय करायचं ते समजत नाही. घड्याळ बघत बोनेटजवळ उभी राहिले.

इंजिन निवायला पाऊण तास लागला. फाटकाजवळच्या घरातल्या बाईंनी बादलीभर पाणी दिलं आणि एका मोटरसायकलवाल्यानं फडक्यानं झाकण धरून ते हळूहळू आत ओतलं. बाबा ते बघत होते. त्यांना दिवसभरात मोजून पाणी मिळतं, गोळ्यांचं आणि चहाचं धरून. किडन्या पाणी बाहेर टाकत नाहीत, म्हणून प्यायलेलं सगळं अंगात साठतं, पायांत, पोटात, मग छातीत. आठवड्यातून दोनदा मशीन ते काढते. दिवस नेमलेले नाहीत, बेड मोकळा होईल तसा पुढचा नंबर मिळतो.

"पाज तिले पोटभर," बाबा म्हणाले. "माझ्या वाट्याचंही."

"गप बसा जी तुम्ही," आई म्हणाली.

गाडी धावत असली की समोरून वारा लागतो आणि रेडिएटर गार राहतो. थांबली की ते काम पंख्यांनी करायचं असतं. म्हणून मी त्या दिवशी न थांबता चालवायचा प्रयत्न केला. भंडाऱ्यात शिरल्यावर ते शक्य नव्हतं. दोनदा रस्त्याच्या कडेला इंजिन बंद करून बसावं लागलं. दुसऱ्यांदा आई म्हणाली, "ऑटो पाहू काय?" पण बाबांना उतरवून पुन्हा चढवायचं म्हणजे दोन माणसं हवीत. आम्ही बसून राहिलो.

दवाखान्यात पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. मशीनवर बसवणारा दादा वाईट माणूस नाही. तो म्हणाला, "साडेअकरापर्यंत बेड रिकामा ठेवला होता काका. मग दुसऱ्या पेशंटला घेतलं. दुपारचे सगळे भरले आहेत. नंबर निघाला की फोन करतो." बाबांनी मान हलवली. जणू चूक त्यांचीच होती.

परत येताना मी एसी लावला नाही. फोनवर इंग्रजीत शोधलं होतं, की इंजिन तापत असेल तर गाडीतला हीटर पूर्ण सुरू करावा, थोडी उष्णता तो ओढून घेतो. काचा खाली करून, हीटर लावून आम्ही पस्तीस किलोमीटर आलो. आरशात मला बाबांचं कपाळ दिसत होतं. घाम ते पुन्हा पुन्हा बाहीनं पुसत होते.

मी हे सगळं करते, म्हणजे गाडी चालवते, कारण बाबांचे पाय आता क्लचवर भरवशाचे नाहीत आणि आई शिकली नाही. मी नागपूरची नोकरी सोडून घरी आले त्याला दीड वर्ष झालं. आंधळगावच्या पुढे आमचं गाव आहे. लहानपणी मला तिथून रोज कॉन्व्हेंटच्या बसनं पाठवायचे, त्यामुळे मी घरात पुस्तकातलं मराठी बोलते आणि बाकीचे सगळे गावचं. कोणी त्यावरून टोमणा मारला नाही असा एकही लग्नसमारंभ मला आठवत नाही. मग मी कमी बोलायला लागले. ते सोयीचं होतं.

बुधवारी दवाखान्याचा फोन आला नाही. बाबांचे पाय घोट्यापाशी फुगले होते. बोट दाबलं की खळगा तसाच राहत होता. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून ते अंगणात खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "गाडी इकडं लाव. बोनेट उघड."

बाबांनी उमेदीची वर्षं बोडीवरच्या पंपाचं इंजिन सांभाळण्यात घालवली. बोडी म्हणजे आमच्या भागातला शेताजवळचा लहान तलाव. आमच्या धानाला पाणी तिथूनच यायचं. इंजिन बंद पडलं की सगळे शेजारी बाबांना बोलवायचे. आता त्यांचे हात थरथरतात, म्हणून हात माझे होते आणि डोकं त्यांचं.

"एसी चालू कर. पंखे फिरते काय?"

"नाही."

"एकही नाही?"

"दोन्ही नाहीत."

"मग मोटर दोन्ही एकाच टायमाले मरत नाही. फ्यूज पाह्य."

फ्यूजच्या डबीच्या झाकणावर बारीक चित्रं होती. मी पंख्याचा फ्यूज ओढून काढला, उजेडात धरला. आतली तार अखंड होती. मग त्यांनी रिले बदलायला सांगितलं. रिले म्हणजे लहानशी चौकोनी डबी, तिच्यामार्फत पंख्याला वीज मिळते. हॉर्नचा रिले तसाच होता. मी दोन्हींची अदलाबदल केली. हॉर्न वाजवला तर इतका जोरात वाजला की आई पदराला हात पुसत बाहेर आली.

"कायले वाजवून राहिली? कोन आलं?"

"कोनी नाही. रिले चांगला हाय," बाबा म्हणाले.

"रिले चांगला हाय तं गाव कायले उठवता?"

पुढे बाबांनी पंपाच्या वेळचे दोन जाड वायर आणायला लावले. पंख्याचं जोडणीचं टोक सोडवायचं आणि बॅटरीवरून सरळ वीज द्यायची. मला भीती वाटत होती. ठिणगी उडेल हे त्यांनी आधीच सांगितलं होतं आणि ती उडाली, तरी मी वायर टाकून दिला. दुसऱ्यांदा धरला तेव्हा पंखा असा गरगरला की समोरची पानं अंगणभर उडाली. दुसराही तसाच फिरला.

बाबा किती तरी दिवसांनी हसले. "पाह्य. मोटर जिवंत हाय. रिले चांगला. फ्यूज चांगला. आता राहिला वायर. कुठीतरी तुटला असन. कुठी, ते..." एवढं बोलून ते थांबले, कारण त्यांना दम लागला होता. आईनं त्यांना धरून आत नेलं. मी थोडा वेळ वायरच्या काळ्या गुंडाळ्यांकडे बघत राहिले. त्या बॅटरीच्या मागे जाऊन दिसेनाशा होत होत्या. मग बोनेट लावलं.

गुरुवारी सकाळी फोन आला. अकराला या, उशीर नको. शेजारच्यांची गाडी होती, पण ती आधीच त्यांच्या सुनेला आणायला गेली होती, आणि दर वेळी दुसऱ्याची गाडी मागायला तोंडही होत नाही. आईनं चहा अर्धा कपच दिला. आम्ही आठला निघालो, म्हणजे मोहाडीत गाडी दाखवता येईल.

मोहाडीचा मिस्त्री नुकताच शटर उघडत होता. तो आधी मागच्या काचेत वाकला.

"का जी काका, गरम कधी होते? चढावावर की उभी असली की?"

"तिले विचार. गाडी ते चालवते."

मिस्त्री माझ्याकडे वळला. मला सगळं माहीत होतं. फ्यूज पाहिला, रिले बदलून पाहिला, मोटर सरळ विजेवर फिरते, म्हणजे मधला वायर तुटलेला. रात्री फोनवर वाचलं होतं की बॅटरीच्या आसपासचं वायरिंग बघावं, तिथं तो कुरतडला जातो किंवा सडतो. हे सगळं माझ्या डोक्यात इंग्रजीत ओळीनं लावलेलं होतं. मी म्हणाले, "उभी असली की."

"बस, मग पंखाच," तो म्हणाला. त्यानं पंधरा मिनिटं इकडंतिकडं पाहिलं आणि घड्याळ बघितलं. "काका, फॉल्ट शोधाले दिवस जाईन. तुम्हाले तं अकरा वाजता पोचायचं हाय. मी डायरेक्ट करून देतो."

डायरेक्ट म्हणजे बॅटरीवरून एक वायर आत आणून स्टिअरिंगखाली घरातल्या दिव्याचं असतं तसं बटण बसवायचं. बटण दाबलं की पंखे सुरू, पुन्हा दाबलं की बंद. आमच्या भागात अशी बटणं अर्ध्याअधिक जुन्या गाड्यांत आहेत. "फक्त एक ध्यानात ठेवा ताई," तो म्हणाला, "गाडी बंद केली की बटन बंद करायचं. हे चाबीवर नाही चालत."

मी मान हलवली.

आम्ही पावणेअकराला पोचलो. भंडाऱ्याच्या चौकात काटा अर्ध्यावर थांबला होता आणि पंख्यांची घरघर मला गाडीत ऐकू येत होती. दवाखान्याच्या दारात चाकाची खुर्ची मिळेना, म्हणून मी गाडी तशीच लावून आत धावले. खुर्ची आणली. बाबांचं वजन केलं. ते नेहमीच्या वजनापेक्षा इतकं जास्त होतं की तिथल्या सिस्टरनं काटा पुन्हा शून्यावर आणून मोजलं. सुई लागली, नळ्यांतून रक्त फिरायला लागलं. मग आई आणि मी बाहेर बाकावर बसलो. चार तास तिथं काही करायचं नसतं. आईनं डबा उघडला. मला भूक नव्हती.

तीनच्या पुढे बाबांना बाहेर आणलं. मशीननंतर ते ओल्या कापडासारखे होतात, बोलत नाहीत. त्यांना मागे बसवलं आणि मी चावी फिरवली. टक्. एवढाच आवाज. पुन्हा टक्.

मग मला स्टिअरिंगखालचं बटण दिसलं. ते दाबलेलंच होतं. पंखे बंद गाडीत फिरत राहिले होते आणि बॅटरी संपवून थांबले होते.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"मी बटण बंद केलं नाही."

आईनं फक्त बाबांच्या हातावरची पट्टी नीट केली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

दवाखान्याच्या फाटकासमोर चहाची टपरी होती. तिथं चार जण उभे होते. मी त्यांच्यापर्यंत गेले आणि टपरीवरच्या बरण्या बघत उभी राहिले. टपरीवाल्यानं विचारलं, "किती चहा?" मी म्हणाले, "चहा नको. आमच्या गाडीला जरा धक्का माराल का? आत पेशंट आहे."

"बॅटरी बसली काय?" एक जण म्हणाला.

"पंखा चालू राहिला."

"घरचा की गाडीचा?"

बाकीचे हसले, पण हसत हसतच ग्लास ठेवून निघाले. त्यांच्यातला एक स्वतःच्या काकांना मशीनवर घेऊन आलेला होता, हे त्याच्या गळ्यातल्या पासवरून दिसत होतं. "दुसरा गिअर टाका ताई, क्लच दाबून ठेवा, मी होऽ म्हनलं की सोडा."

पहिल्यांदा मी लवकर सोडला. गाडीनं गचका खाल्ला, मागून बाबा कण्हले. दुसऱ्यांदा इंजिन लागलं. मी थांबून आभार मानणार होते तर बाबा खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "थांबू नको. बंद पडन." म्हणून मी तशीच पुढे निघाले. आरशात दिसलं, बाबांनी पट्टी नसलेला हात काचेबाहेर काढला होता आणि ते चौघे रस्त्यात उभे राहून तो बघत होते.

शनिवारी सकाळी बॅटरी चार्जिंगला पाठवायची होती, म्हणून ती काढायला घेतली. दोन नट, एक पट्टी. बॅटरी माझ्या अंदाजापेक्षा जड होती. ती उचलून खाली ठेवली आणि तिच्या ट्रेखाली बघितलं, तर तिथं तणसाचं घरटं होतं. तणस म्हणजे धानाचा पेंढा. आमच्या कोठ्यात, म्हणजे गुरांच्या गोठ्यात, अजून जुनं तणस पडलेलं आहे. पेंढ्यात लेंड्या होत्या, कागदाचे तुकडे होते आणि मधोमध वाळलेलं पळसाचं पान, दुमडलेलं, कडेनं कुरतडलेलं. पानाला काहीतरी पिवळं चिकटून कडक झालं होतं. त्याच्याच बाजूनं वायरची गुंडाळी जात होती. तिच्यातला एक तपकिरी वायर अगदी स्वच्छ कापल्यासारखा तुटला होता.

ते पिवळं काय आहे ते मला वास घेतल्यावर कळलं. पुरण.

पोळ्याला बैलांना सजवतात, पुरणपोळी चारतात. आम्ही बैल विकले त्याला दोन वर्षं झाली, बाबा आजारी पडले तेव्हा. यंदा पोळ्याच्या दिवशी बाबांनी गाडी धुवून घेतली होती, बोनेटला हळदकुंकू लावलं होतं. ते मी पाहिलं होतं. बोनेट उघडून त्यांनी आत घास ठेवला असेल, हे माझ्या मनात आलं नव्हतं.

पान परत आत ठेवून द्यावं असं क्षणभर वाटलं. वायर जोडायचा, टेप गुंडाळायची, कोणाला काही सांगायचं नाही. गेल्या मंगळवारी नंबर हुकला आणि दोन दिवस ते खुर्चीत बसून श्वास घेत राहिले, ते ह्या पानामुळे, हे त्यांना कशाला सांगायचं? पण तोवर ते काठी टेकत जवळ आले होते.

"काय सापडलं?"

मी बाजूला झाले. त्यांनी वाकून पाहिलं.

"उंदीर," मी म्हणाले.

"उंदीर तं हायच." त्यांनी पान काठीच्या टोकानं हलवलं. "बैल असता तं खाल्ला असता. हिले तोंड कुठी हाय?"

आई पाण्याची कळशी घेऊन येत होती. तिनं एका नजरेत सगळं ओळखलं. "म्हनलं होतं ना मी! निवद बाहेरून दाखवा म्हनलं होतं. इंजिनाले कोनी पोळी चारते काय?"

"चारली."

"अन् उंदरानं खाल्ली. अन् वरतून वायर खाल्ला चटनीसारखा."

बाबा हसायला लागले, ते हसणं खोकल्यात गेलं, मग पुन्हा हसले. "जाऊ दे," ते म्हणाले. "येत्या पोळ्याले टायरले दाखवू."

आईनं कळशी दुसऱ्या हातात घेतली आणि आत गेली.

मी वायरची दोन्ही टोकं चाकूनं सोलली. बाबांनी सांगितलं तशी तांब्याची तार तारेत पिळली, वरून काळी टेप गुंडाळली, तिच्यावर आणखी एक थर. घरटं काढून फेकलं. मिस्त्रीचा वायर मी सोडवला, बटण तसंच राहू दिलं, ते काढायला स्क्रूड्रायव्हर बारीक लागत होता. संध्याकाळी बॅटरी आली. गाडी अंगणात चालू ठेवून आम्ही दोघं काट्याकडे बघत बसलो, मी आत आणि बाबा खिडकीशी खुर्ची ओढून. काटा मध्यावर आला, थोडा पुढे गेला. मग समोरून घरघर सुरू झाली. कोणी काही दाबलं नव्हतं.

"झाला," बाबा म्हणाले.

एका मिनिटानं पंखे आपोआप थांबले. पुन्हा सुरू झाले. आम्ही तीनदा तसं होऊ दिलं, खात्री पटूनही.

सोमवारी आम्ही दहा वाजून वीस मिनिटांनी दवाखान्यात होतो. बेड अजून पुसत होते. मशीनवरचा दादा म्हणाला, "आज लवकर आले काका." बाबांनी चपला काढल्या, वजनाच्या काट्यावर उभे राहिले आणि आकडा बघायला खाली वाकले नाहीत, समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. सिस्टरनं आकडा लिहून घेतला आणि ठीक आहे म्हणाली. त्यांना बेडवर नेलं. ते आडवे झाले आणि त्यांना दम लागला नाही.

बाहेर बाकावर आईनं पिशवी मांडीवर घेतली. पुढचा नंबर शुक्रवारी होता. मी भिंतीला डोकं टेकलं. आजूबाजूला लोक बोलत होते, कोणाचा फोन वाजत होता, आणि मला बसल्या बसल्या झोप लागली.